स्लो ज्युसर घ्यावा का? चोथ्याची सोय असेल तर

निकाल आधी सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना इथूनच परत फिरता येईल. यंत्र चांगलं आहे. रस उत्तम निघतो. पण ज्या घरात रोज थालीपीठ, भाकरी, धिरडी, मुठिया असलं काहीतरी होतं, त्याच घरानं ते घ्यावं. चोथा कचऱ्याच्या डब्यात जाणार असेल, तर साडेअकरा हजार रुपये मोजून तुम्ही भाजीतला अर्धा माल फेकायची सोय विकत घेताय.

आता सविस्तर. मी बडोद्याचीच, दांडिया बाजारातली. एम. एस. युनिव्हर्सिटीच्या होम सायन्समधून फूड्स अँड न्यूट्रिशन केलं आणि निवृत्त होईपर्यंत इथल्याच एका इस्पितळात आहारतज्ज्ञ म्हणून काम केलं. (हे होम सायन्स १९५० सालचं, हंसाबेन मेहता कुलगुरू होत्या तेव्हाचं. आता पाटीवर फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस लिहिलंय, पण रिक्षावाल्याला होम सायन्सच सांगायचं.) तेव्हा ज्युसरबद्दल माझं मत आधीपासून फारसं बरं नव्हतं, हे वाचणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. पुण्याच्या मुलानं परस्पर मागवला. पूर्वी आईवडिलांना शाल-धोतर द्यायचे, आता यंत्रं येतात.

मागवायला कारण झाले आमचे हे. रोज सकाळी कमाटीबागेत फिरायला जातात आणि बाहेर पडताना दाराशी हिरव्या रसाचा पेला घेतात. दुधी, कारलं, कडुलिंब, कोरफड, सगळं एकत्र. मला ते अजिबात पसंत नाही. का ते पुढे दुधीपाशी सांगते. मुलाचं म्हणणं, बाबांना प्यायचाच आहे तर घरी पिऊ देत. हे एक बरोबर बोलला.

कंपनीचं नाव घेत नाही. या किमतीतली बहुतेक यंत्रं एकाच धाटणीची असतात, आणि माझ्या तक्रारी एकट्या तिच्या माथी मारणं बरोबर नाही.

यंत्र उभट आहे. ओट्यावर मिक्सरएवढीच जागा खातं, पण उंचीमुळे वरच्या फळीखाली मावत नाही. आधी टेप लावून बघा. आत जाडजूड प्लास्टिकचा स्क्रू, त्याभोवती बारीक जाळीची गाळणी. स्क्रू मिनिटाला पन्नासच्या आसपास फेरे घेतो. आपल्या मिक्सरचं पातं रिकामं फिरलं तर अठरा-वीस हजार घेतं. म्हणजे हा भाजी कापत नाही, चेपतो आणि जाळीवर दाबून पिळतो. एका तोंडातून रस, दुसऱ्यातून चोथा, दोन्हीखाली एकेक भांडं. आवाज इतका कमी की सकाळी सहाला लावला तरी आतल्या खोलीतली माणसं उठत नाहीत. याला पैकीच्या पैकी गुण.

डेमोला आलेला मुलगा गोड होता. "मासी, आमां तो एक टीपुंय वेस्ट नथी जतुं," म्हणाला, म्हणजे यात एक थेंबही वाया जात नाही. एन्झाइम्स "जीवतां" राहतात, सगळं पोषण पेल्यात उतरतं, मिक्सरच्या उष्णतेनं सगळं मरतं, असंही बरंच सांगितलं. मी बोलू दिलं. मग चोथ्याचं भांडं पुढे केलं आणि विचारलं, "आनुं शुं करवानुं?" "ए तो फेंकी देवानुं, मासी."

एन्झाइम्सचं आधी संपवू. ती प्रथिनं असतात, आणि ती भाजीच्या कामाची. आपल्या जठरात गेली की तिथलं आम्ल आणि पाचकरस इतर प्रथिनांसारखाच त्यांचा निकाल लावतात. ती जिवंत प्यायली काय आणि मेलेली प्यायली काय. क जीवनसत्त्वाचं वेगळं आहे. हवा लागली की ते घटत जातं, आणि या यंत्राच्या रसात फेस कमी, हवा कमी, हे खरं. पण रस काढून पाच मिनिटांत पिणार असाल तर मिक्सरच्या आणि याच्या रसातला फरक माहितीपत्रकात छापलाय त्याच्या जवळपासही जात नाही. काढून ठेवायचा असेल तेव्हा फरक पडतो, तोही आधी रंगात दिसतो. मिक्सरचा रस तासाभरात वर फेस आणि खाली पाणी होतो, याचा तेवढा वेळ एकजीव राहतो.

मग मी वजनकाटा काढला. सवय जात नाही. सोललेली अर्धा किलो गाजरं घातली. रस निघाला २६० ग्रॅम, चोथा २१५, उरलेलं यंत्राला चिकटलं. तेवढीच गाजरं मिक्सरला वाटून पंचाच्या फडक्यातून पिळली, तर घातलेलं पाणी वजा जाता रस २२०च्या आतबाहेर. फायदा आहे, पण तो मनगटांना जास्त आहे. माझ्या वयाला तोही काही कमी नाही.

खरी गोष्ट त्या २१५ ग्रॅममध्ये आहे. चोथा हातात घेऊन बघा, चांगला केशरी असतो. तो रंग म्हणजेच कॅरोटिन, ज्यासाठी आपण गाजर खातो. त्याचा बराच वाटा रसात न उतरता तिथेच बसलेला असतो. आणि तंतू तर जवळजवळ सगळेच. प्रौढ माणसाला दिवसाला तीसेक ग्रॅम तंतू हवेत असं आपल्या आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, शिफारस सांगते. डाळ-भात, मैद्याची बिस्किटं आणि वर गाळलेला रस असा दिवस गेला तर तिथवर पोचणं कठीण. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४मध्ये जी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात दिवसाच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं धरली आहेत, आणि फळं रस न काढता खा असंच सांगितलंय. ४०० ग्रॅम भाजी आमच्याकडे तरी कुणाच्या ताटात दिसत नाही. वाटीभर बटाट्याच्या रश्शाला आपण भाजी म्हणतो. तेव्हा ज्याला भाजी चावायचा कंटाळा आहे, त्याच्या पोटात रसाच्या निमित्तानं पाव किलो भाजीतलं काहीतरी जात असेल तर मी नाक मुरडणार नाही. मात्र त्या पाव किलोचा दुसरा अर्धा भागही त्याच दिवशी त्याच माणसाच्या ताटात यायला हवा. माझी अट एवढीच.

आता एकेका भाजीकडे वळते. आधी गाजर. थंडीत खंडेराव मार्केटला लाल गाजरांचे ढीग लागतात. रसाला तीच घ्यावीत, गोडही असतात आणि त्यांच्या लाल रंगात टोमॅटोतलं लायकोपिन असतं. उन्हाळ्यातली केशरी गाजरं काष्ठासारखी, रस कमी, चव पुठ्ठ्याची. गाजराच्या बाबतीत रस काढण्याच्या बाजूनं बोलायला जागा आहे. कच्च्या गाजरात कॅरोटिन पेशींच्या भिंतीआड अडकलेलं असतं. नुसतं चावून खाल्लं तर त्यातलं थोडंच अंगी लागतं. चेचलं, शिजवलं की जास्त मोकळं होतं. पण ते तेला-तुपात विरघळणारं. उपाशीपोटी नुसता रस प्यायचा ही जी फॅशन आहे, ती गाजरापुरती तरी उलटी आहे. रस जेवणाबरोबर घ्या, किंवा बरोबर चार शेंगदाणे, तुपाचं बोट लावलेली पोळी काहीतरी असू द्या. याचा पुरावा यंत्रच देतं. गाजराच्या रसानं भांडी आणि स्क्रू केशरी होतात, साबणानं तो रंग हलत नाही. खोबरेल तेलाचा बोळा फिरवला की लगेच सुटतो.

बीट. यंत्राला सोपं, रस भरपूर, रंग देखणा. त्यातल्या नायट्रेटचं जिभेवरचे जंतू रूपांतर करतात आणि त्यातून पुढे शरीरात रक्तवाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, म्हणून रक्तदाब थोडा उतरतो. थोडा, हे ठळक वाचा. गोळी बंद करण्याइतका नाही. गंमत म्हणजे औषधी माउथवॉशनं खळखळून चुळा भरणाऱ्यांना हा फायदा कमी होतो, कारण ते जंतूच मरतात. दुसऱ्या दिवशी लघवी गुलाबी दिसली तर घाबरू नका, काही जणांना होतं. पण बीट गोड आहे. त्यात गाजर, वर चवीला सफरचंद असा जो लोकप्रिय पेला आहे, तो साखर असलेल्या माणसासाठी नाही. गाळलेल्या फळाच्या रसातली साखर जागतिक आरोग्य संघटना मोकळ्या साखरेत धरते, म्हणजे चमच्यानं घातलेल्या साखरेच्याच रांगेत. आमच्या ह्यांची साखर काठावर आहे. सफरचंदाचा रस प्यायल्यावर ग्लुकोमीटरवरचा आकडा बघून तेच म्हणाले, उद्यापासून सफरचंद चिरून दे.

पालक. इथे मी जरा कडक आहे. कच्च्या पालकात ऑक्झलेट खूप, मुतखडा बहुतेक त्याचाच बनतो. शिजवून पाणी टाकलं तर त्यातलं बरंच निघून जातं. रस काढला की उलट सगळं एका घोटात. बडोद्याचा उन्हाळा, घाम, आणि पाणी पिण्याचा आळस. मुतखड्यासाठी नडियादच्या मूत्रपिंडाच्या इस्पितळाची वारी करून आलेला एक तरी माणूस आमच्या प्रत्येक सोसायटीत सापडेल. ज्याला एकदा खडा झालाय त्यानं पालकाचा रोजचा रस घेऊच नये. लोहासाठी म्हणून पिणाऱ्यांचीही निराशा आहे, पालकातलं लोह शरीर फार थोडं उचलतं. शिवाय आमच्या वन्सं रक्त पातळ ठेवायची गोळी घेतात. पालेभाजीतलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं, त्यामुळे एक दिवस पेलाभर आणि चार दिवस काही नाही असला खेळ त्यांना चालत नाही. त्या आल्या की मी पालकाचं वरण करते आणि यंत्र झाकून ठेवते. ज्यांच्या मूत्रपिंडाचं दुखणं आहे त्यांनी तर कुठल्याही भाजीचा रस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, पोटॅशियमचा प्रश्न येतो. यंत्राच्या अंगानंही पालक कटकटीचा आहे. दांड्यांचे दोरे स्क्रूला गुंडाळतात. बोटभर तुकडे करून, मध्ये मध्ये गाजर घालत गेलं तरच चालतो.

आणि दुधी. हृदयाला चांगला म्हणून बागांच्या दारात, योगवर्गात, नात्यातल्या लग्नात, जिथे तिथे ऐकू येतो. एरवी बिचारा निरुपद्रवी आहे. पण एखादा दुधी कडू निघतो. त्या कडूपणामागे कुकुरबिटॅसिन नावाचं विष असतं, आणि शिजवून ते जाईलच याचा भरवसा नाही. २०१०मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधी-कारल्याचा रस पिऊन मृत्यू झाला. त्यानंतर आयसीएमआरनं तज्ज्ञांची समिती नेमली, तिचा अहवाल २०१२मध्ये त्यांच्या नियतकालिकात छापून आला. उलट्या, पोटात कळा, रक्ताच्या उलट्या, रक्तदाब एकदम खाली, असं सगळं त्यात आहे. उतारा असा काही नाही, लक्षणांवरच उपचार करावे लागतात. समितीचं सांगणं साधं होतं. रस काढण्याआधी दुधीची फोड चाखा, कडू लागली तर अख्खा दुधी टाका, आणि दुधीचा रस दुसऱ्या कशात मिसळू नका. आता बागेच्या दारातला पेला आठवा. कडूपणा ही दुधीची एकमेव सूचना, आणि ती कारलं-कडुलिंबात बुडवून टाकलेली. पिणाऱ्याला कळणार कसं? चार दिवसांचं भांडण झालं तेव्हा कुठे ह्यांनी तो पेला सोडला. घरी दुधीची फोड दोघंही चाखतो, मग यंत्रात जातो. त्यात थोडं मीठ-जिरं, बास.

थंडीतला माझा लाडका पेला आवळ्याचा. आवळ्यातल्या क जीवनसत्त्वाचा आकडा आमच्या शिक्षणाच्या वेळच्या तक्त्यात १०० ग्रॅमला ६०० मिलिग्रॅम पाठ केलेला. २०१७च्या नव्या भारतीय तक्त्यात तो अडीचशेच्या आसपास आलाय. तरी संत्र्याच्या पाचपट. बाईमाणसाला दिवसाला ६५ मिलिग्रॅम पुरतं, पुरुषाला ८०. म्हणजे एक चांगला मोठा आवळा झाला की काम झालं. पेलाभर पिऊन दात आंबवून घेण्यात अर्थ नाही. मी दोघांत दोन आवळे, आल्याचा तुकडा आणि ओल्या हळदीचं बोट असं घालते, पाणी घालून वाढवते, आणि भाजी-भाकरीच्या जेवणाबरोबर देते. मेथी-पालकातलं, बाजरीतलं लोह अंगी लागायला आवळ्याची मदत होते. जेवणावर लगेच चहा घेतलात तर ती मदत वाया. हळदीनं मात्र गाळणीची सिलिकॉनची कड पिवळी झाली ती झालीच. तेलानं थोडी उजळते, मूळ रंग परत येत नाही.

कोबीचा रस काढू नका. वास घरभर, पोटात गुडगुड. कोबीची पचडी करा.

आता चोथा. या यंत्राचा चोथा मिक्सर-फडक्याच्या चोथ्यापेक्षा कोरडा निघतो, आणि स्वयंपाकात हाच फरक नडतो. दुधीचे मुठिया करताना किसलेल्या दुधीला सुटलेल्या पाण्यातच पीठ भिजतं, वर पाणी लागत नाही. चोथ्यात ते पाणीच नसतं. पहिल्यांदा सवयीच्या हातानं कराल तर मुठिया विटेसारखे होतील. चोथ्याला दही किंवा आंबट ताक चोळून दहा मिनिटं ठेवायचं, मग ज्वारीचं आणि हरभऱ्याचं पीठ, आलं-मिरची, तीळ, चमचाभर तेल. वाफवून, कापून, राई-तिळाची फोडणी. शेजारच्या मासींना दिले, त्यांनी कशाचे ते विचारलंही नाही, कृतीच मागितली.

गाजराचा चोथा भाजणीच्या थालीपिठात सर्वांत छान जातो. दोन वाट्या भाजणीला वाटीभर चोथा, कांदा, कोथिंबीर, आणि पाण्याऐवजी ताक. थालीपीठ जरा जाड थापावं लागतं, पातळ केलं की तव्यावर फाटतं. वर लोण्याचा गोळा ठेवा, म्हणजे मघाशी सांगितलेल्या कॅरोटिनचीही सोय होते. बिटाचा चोथा बटाट्याबरोबर कटलेटात किंवा रव्याच्या धिरड्यात. नातवंडं सुटीला आली की रंगावर खूष असतात. पालकाचा चोथा दोरेदार, तो नुसता कशात चांगला लागत नाही. बारीक चिरून मूगडाळीच्या वरणात ढकलावा. आवळ्याचा चोथा मीठ, काळं मीठ, ओवा लावून दोन-तीन उन्हं दाखवली की मुखवास तयार. या मुखवासासाठी मी यंत्राला आणखी अर्धा गुण वाढवून दिलाय.

चोथा फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत ठीक. त्यापुढे आंबूस वास येतो. आणि सगळ्या भाज्या रसाआधी नीट धुवा, मातीच्या मुळांना ब्रश लावा. शिजवणार नाही आहोत, हे विसरायला होतं.

धुण्याबद्दल बोलल्याशिवाय हे परीक्षण खोटं ठरेल. रस पाच मिनिटांत, यंत्र धुणं दहा. सुटे भाग सात, त्यातली गाळणी म्हणजे खरी परीक्षा. रस काढल्या काढल्या नळाखाली धरून सोबतच्या ब्रशनं आतून बाहेरून घासली तर दोन मिनिटांत साफ. अर्धा तास तशीच राहिली तर चोथा जाळीत वाळतो आणि मग सुई घेऊन बसा. कामाला येणाऱ्या बाईंवर हे सोडू नये. त्या येईपर्यंत वाळतंच, आणि जाळी त्यांच्या तारेच्या घासणीनं फाटेल. ज्या घरात नवरा रस पितो आणि बायको गाळणी घासते, तिथे यंत्र महिन्याभरात माळ्यावर जाईल. आमच्याकडे गाळणी ह्यांच्याकडे आहे. पहिल्याच दिवशी वाटून घेतलं.

आणखी उणिवा. तोंड अरुंद आहे, गाजरही उभं चिरून घालावं लागतं. जास्त किमतीच्या यंत्रांना रुंद तोंड असतं, अख्खं सफरचंद जातं म्हणतात. सलग वीस मिनिटांच्या वर चालवायचं नाही, मग विश्रांती द्यायची, म्हणजे दहा माणसांचा रस एका दमात होत नाही. चोथ्याच्या तोंडाशी आतून सिलिकॉनचं बूच असतं. ते रोज उचलून त्यामागे साफ केलं नाही तर उन्हाळ्यात एका रात्रीत वास मारतं, आणि माहितीपत्रकात हे चित्रात दाखवलंय, शब्दात नाही.

एक बाजू जाहिरातीत कुणी सांगत नाही, ती मला फार आवडली. टोमॅटोचं सार. वाफवलेले टोमॅटो गार करून यातून काढले की साल, बिया एकीकडे आणि घट्ट रस दुसरीकडे. पुरणयंत्र, गाळणी, डाव काही लागत नाही. खोवलेलं खोबरं कोमट पाण्याबरोबर घातलं तर नारळाचं पहिलं दूध सुरेख निघतं, सोलकढी पाच मिनिटांत. आमरसाला मात्र मी हे वापरत नाही. जाड जाळीची दुसरी गाळणी त्यासाठी दिली आहे, केसरचा रस छान निघतोही, पण कोयी हातानं पिळायच्या हा आमच्या सासूबाईंचा नेम आणि कोयी चोखायला मुलं बसलेली असतात. त्यांचं काय करायचं?

ह्यांच्याबद्दल विचाराल तर तब्येतीत काय फरक पडला, हे मी रसावर ढकलणार नाही. फिरणं चालू आहे, गोळी चालू आहे, चोथ्याची थालीपिठं पोटात जाताहेत. पोट साफ राहतं हे ते स्वतः सांगतात, आणि त्याचं श्रेय मी रसाला न देता थालीपिठाला देते. रविवारी फिरून येताना मित्रांबरोबर सेवउसळ होते, वर तर्री मागून घेतात. बडोद्यात राहून सेवउसळ सोडा म्हणणारी आहारतज्ज्ञ मी कधीच नव्हते. त्या दिवशी दुपारी फक्त ताक आणि काकडी.

तर घ्यायचा कुणी? दोन-तीन माणसांचं घर, सकाळी कुणीतरी अर्धा तास मोकळं, रोजचा स्वयंपाक घरी, आणि मनगटात पूर्वीचा जोर नाही, अशांनी जरूर. म्हाताऱ्या माणसाला दात नसतील, कोशिंबीर चावत नसेल, तिथेही उपयोगाचा. मुलांना भाजी खायला लावायची युक्ती म्हणून घेणार असाल तर नको. मुलं रस पितील आणि भाजी आणखी टाळतील. नोकरी करणाऱ्या, डबा धरून पळणाऱ्या जोडप्यांनीही नको. त्यांनी तेवढ्या पैशांत चांगली किसणी घ्यावी, रोज एक गाजर, एक काकडी, अर्धं बीट किसून वर दाण्याचं कूट आणि फोडणी घालावी. पेल्यातलं आणि चोथ्यातलं दोन्ही एकाच वाटीत मिळतं, आणि धुवायला एकच भांडं. उरलेल्या पैशांची वर्षाची भाजी येणार नाही, पण थंडीच्या दोन-तीन महिन्यांची सहज येईल.

दुकानात जाऊन घेणार असाल तर मोटरच्या दहा वर्षांच्या वॉरंटीनं भुलू नका. मोटर जात नाही. जातं ते सिलिकॉनचं बूच आणि गाळणीची कड, आणि त्यांना वॉरंटी नसते. हे दोन भाग सुटे मिळतात का, बडोद्यात मिळतात की अहमदाबादहून मागवावे लागतात, आणि किती दिवसांत, एवढं बिल करायच्या आधी लिहून घ्या. आमच्या बुचाची जीभ फाटली तेव्हा नवं यायला पाच आठवडे लागले, आणि तोवर बाजारात लाल गाजरं संपली होती.